मौन, साक्ष आणि वाचकाची जूरी

१

सूझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची 'ट्रायफल्स' ही एकांकिका ऑगस्ट १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन येथे प्रथम सादर झाली. पुढच्याच वर्षी त्याच कथावस्तूवर तिने 'अ जूरी ऑफ हर पिअर्स' ही कथा लिहिली. मध्यपश्चिमेतील एका एकाकी शेतघरात जॉन राइट नावाचा शेतकरी झोपेत गळा आवळून मारला गेला आहे आणि त्याची पत्नी मिनी तुरुंगात आहे. सरकारी वकील, शेरीफ आणि एक शेजारी असे तीन पुरुष पुरावा शोधण्यासाठी वरच्या मजल्यावर व गोठ्यात फिरतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मिसेस हेल आणि शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स या दोन स्त्रिया खाली स्वयंपाकघरातच थांबतात. तेथे त्यांना अर्धवट राहिलेली कामे, गोधडीवरचे एकाएकी विस्कटलेले टाके, मोडका पिंजरा आणि अखेर शिवणकामाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी सापडतो. पुरुष ज्या हेतूच्या शोधात आहेत, तो हेतू आता या दोघींच्या हाती आहे. त्या तो लपवतात. पडदा पडतो.

या शेवटाविषयी अभ्यासकांत आज जवळजवळ एकमत झालेले आहे. ॲनेट कोलोड्नी यांचा १९८० चा आणि जुडिथ फेटर्ली यांचा १९८६ चा लेख प्रसिद्ध झाल्यापासून ही संहिता 'वाचनाविषयीची संहिता' म्हणून वाचली जाते. स्त्रियांच्या जगातील चिन्हे वाचण्याची क्षमता पुरुषांपाशी नाही, कारण स्वयंपाकघरात वाचण्यासारखे काही असू शकते हेच त्यांना मान्य नाही, असा या मीमांसेचा मथितार्थ आहे. तिचे मोल निर्विवाद आहे. एका विस्मृत लेखिकेला तिने अभ्यासक्रमात आणले आणि वाचनक्षमता ही लिंगनिरपेक्ष नसते हे दाखवून दिले. तथापि या मीमांसेत एक प्रश्न हळूच बाजूला पडलेला दिसतो. चिन्हे अचूक वाचता येणे ही ज्ञानाची बाब आहे. वाचलेले दडवून ठेवणे ही कृतीची बाब आहे. ज्याला वाचता येते त्याला न्याय करण्याचाही अधिकार आपोआप मिळतो काय? एकांकिका संपताना वाचकाला लाभणारे समाधान नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. त्यासाठी संहितेच्या मागे असलेल्या प्रत्यक्ष खटल्याकडे आणि तशाच मौनाने वेढलेल्या अन्य दोन घटनांकडे पाहणे आवश्यक आहे.

२

डिसेंबर १९०० च्या आरंभी आयोवा राज्यातील इंडियानोलानजीकच्या एका शेतघरात जॉन हॉसॅक या शेतकऱ्यावर मध्यरात्री झोपेत कुऱ्हाडीचे घाव घालण्यात आले. त्याची पत्नी मार्गरेट त्याच्याच शेजारी झोपलेली होती. आवाजाने आपण जागे झालो, मारेकरी आपण पाहिला नाही, असे तिने सांगितले आणि पुढेही या म्हणण्यापासून ती ढळली नाही. पतीच्या दफनाच्या दिवशीच तिला अटक झाली. एप्रिल १९०१ मध्ये जूरीने तिला दोषी ठरवले व जन्मठेप झाली. १९०२ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. १९०३ मध्ये विंटरसेट येथे झालेल्या फेरखटल्यात जूरीचे एकमत होऊ शकले नाही. ९ जण दोषी म्हणत होते, ३ जण निर्दोष. त्यानंतर खटला पुढे चालवला गेला नाही आणि मार्गरेट मुक्त झाली. या खुनासाठी अन्य कुणालाही शिक्षा झाली नाही. ग्लास्पेल त्या वेळी डे मॉइन येथील एका वृत्तपत्राची तरुण बातमीदार होती आणि तिने या प्रकरणाचा अटकेपासून पहिल्या निकालापर्यंत पाठपुरावा केला होता. आरंभी आरोपीला थंड, निर्विकार म्हणून रंगवणारा तिचा सूर, त्या शेतघराला प्रत्यक्ष भेट दिल्यानंतर मवाळ होत गेला, हे लिंडा बेन-झ्वी यांनी १९९२ च्या आपल्या लेखात साधार दाखवले आहे.

या खटल्यातील एक गोष्ट आपल्या विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. हॉसॅकांच्या घरात तंटा होता हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. पतीच्या रागाची भीती मार्गरेटने त्यांच्यापाशी बोलून दाखवली होती. खून होईपर्यंत मात्र ती बाब 'त्यांच्या घरातली' राहिली. खून झाल्यावर हेच शेजारी साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि जे दुःख ऐकून कुणी हलले नव्हते, ते दुःख न्यायालयात 'हेतू' या सदरात दाखल झाले. परिणामी बचावपक्षाला याच्या उलट भूमिका घ्यावी लागली: भांडणे जुनी होती, समेट झाला होता, शेवटचे वर्षभर घरात शांतता होती. म्हणजे जीव वाचवायचा तर मार्गरेटला स्वतःचा छळ नाकारणे भाग होते. सत्य बोलले तर ते फास होणार आणि नाकारले तर ते कायमचे पुसले जाणार, अशी ही कोंडी होती. ज्या जूरीपुढे ती उभी होती तीत एकही स्त्री नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. वर्णाच्या आधारे जूरीतून वगळणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये 'स्ट्रॉडर विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया' या खटल्यात अवैध ठरवला. परंतु जूरी केवळ पुरुषांपुरती मर्यादित ठेवण्यास राज्यांना मुभा आहे, असेही त्याच निकालात नमूद केले होते.

ग्लास्पेलच्या कथेच्या शीर्षकातील 'पिअर्स' या शब्दाचा, म्हणजेच समकक्षांचा, रोख येथे कळतो. तिने केलेला फेरफारही येथेच अर्थपूर्ण होतो. प्रत्यक्षात शेजारी खुनापूर्वी गप्प राहिले व नंतर बोलले. एकांकिकेत शेजारीण खुनापूर्वी गप्प राहिली आणि नंतरही गप्प राहते. पण दुसऱ्या मौनाचा अर्थ पहिल्याहून वेगळा आहे. पहिले मौन उपेक्षेचे होते, दुसरे पश्चात्तापाचे आहे. इतक्या वर्षांत आपण मिनीकडे फिरकलो नाही हाच खरा गुन्हा, आणि त्याची शिक्षा कोण देणार, असा मिसेस हेलचा आक्रोश आहे. लपवलेला पक्षी हे त्या ऋणाच्या परतफेडीचे रूप आहे. शिवाय जे न्यायालय एखाद्या सत्याचा एकच अर्थ लावू शकते, त्याच्या हाती ते सत्य देणे म्हणजे सत्याची सेवा नव्हे, असा युक्तिवादही या मौनातून सूचित होतो. तो दुबळा युक्तिवाद नाही. मार्गरेट हॉसॅकच्या खटल्याने त्याला आधार पुरवला आहे.

३

तरीही येथे थांबता येत नाही. मार्गरेट हॉसॅकने खून केला हे कधीही अंतिमतः सिद्ध झाले नाही आणि तिने ते कधीही मान्य केले नाही. एकांकिकेत मात्र मिनी राइटने खून केला याविषयी संदेहाला जागाच ठेवलेली नाही. तशी जागा ठेवली तर रचनाच कोसळेल. पक्ष्याची मान आणि नवऱ्याची मान यांतील साम्य दोन्ही स्त्रियांनी वाचावे, प्रेक्षकाने वाचावे आणि वाचून क्षमा करावी, यावर सारी नाट्यवस्तू उभी आहे. परंतु क्षमा करायची तर आधी दोषी ठरवावे लागते. जे आयोवातील दोन खटल्यांना अखेरपर्यंत साधले नाही, ते सहानुभूतीने एका अंकात साधले.

कल्पित पात्राविषयी असा आक्षेप गैरलागू आहे, मिनी राइट म्हणजे मार्गरेट हॉसॅक नव्हे, कुऱ्हाडीऐवजी दोर आहे, नऊ अपत्यांऐवजी निःसंतान घर आहे, असे यावर म्हणता येईल. लेखिकेपुरते ते पूर्णपणे खरे आहे. समीक्षेपुरते मात्र ते खरे राहिलेले नाही. खटल्याचे कागद प्रकाशात आल्यापासून आपण ही संहिता त्या प्रकरणाची किल्ली म्हणून वाचू लागलो आहोत. 'ग्लास्पेलने मार्गरेटला तिच्या समकक्षांची जूरी मिळवून दिली' अशा धर्तीचे विधान सहजगत्या केले जाते. या जूरीने आरोपीचे म्हणणे ऐकले होते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ते तिने ऐकलेले नाही. मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. तिची अनुपस्थिती हे एकांकिकेचे मोठे रचनातत्त्व आहे, पण त्याच अनुपस्थितीमुळे तिच्या वतीने बोलणाऱ्यांना तिला विचारावे लागत नाही. मृत जॉन राइटविषयी तर आपल्याला इतकेच कळते की तो सचोटीचा, कर्जबुडवा नसलेला आणि सहवासाला कठोर असा होता. त्याची बाजू मांडायला तेथे कुणीच नाही.

आपल्या काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयोगी पडेल. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने पुढे नेलेल्या या विचारानुसार नाट्यातील भाव 'अमक्याचा' राहत नाही. व्यक्ती, देश, काल यांची बंधने गळून पडतात, म्हणूनच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. मिनीचे एकाकीपण असे साधारणीकृत होते आणि ती प्रेअरीवरच्या अगणित स्त्रियांची कहाणी बनते. रसदृष्ट्या हे यश आहे. न्यायाचा व्यवहार मात्र याच्या नेमका उलट्या दिशेने चालतो. न्यायासाठी विशिष्टच महत्त्वाचे असते: ही स्त्री, ही रात्र, ही कुऱ्हाड. जे साधारण झाल्यावाचून आस्वादता येत नाही आणि जे विशिष्ट राहिल्यावाचून न्याय्य ठरत नाही, ते एकाच वाचनात साधू पाहणे ही या संहितेच्या समीक्षेतील मूलभूत अडचण आहे. अशा वेळी दोहोंपैकी आपण काय करीत आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असणे एवढे तरी अपेक्षित आहे.

४

ग्लास्पेलच्या स्वयंपाकघरातील मौन जर तत्त्व म्हणून समर्थनीय असेल, तर ते अन्यत्रही समर्थनीय ठरले पाहिजे. ही कसोटी लावण्यासाठी अमेरिकेच्या ग्रामीण भागातील आणखी दोन घटना पाहू.

ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मिसिसिपी राज्यातील मनी या खेड्याजवळून रात्री पळवून नेण्यात आले. काही दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचे विद्रूप प्रेत सापडले. सप्टेंबरमध्ये समनर येथे दोन गौरवर्णीय आरोपींवर खटला चालला. जूरीत १२ गौरवर्णीय पुरुष होते. सुमारे तासाभरात त्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी 'लुक' या नियतकालिकाकडून पैसे घेऊन आपणच खून केल्याचे सांगितले. एकदा सुटका झाल्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी त्यांच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता. या जूरीला चिन्हे वाचता आली नाहीत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आपल्या माणसांना ती पुरेपूर ओळखत होती. तेही समकक्षच होते, फक्त आरोपींचे. दक्षिणेतील झुंडबळींच्या शवचौकशीत 'अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू' हे जे ठरावीक वाक्य दशकानुदशके नोंदवले गेले, त्यातील 'अज्ञात' हा शब्द अज्ञानाचा वाचक नव्हता. गावाने मिळून राखलेल्या मौनाचे ते कायदेशीर नाव होते.

दुसरी घटना मिसूरी राज्यातील स्किडमोर या काही शेकडा वस्तीच्या गावातील. केन रेक्स मॅकेलरॉय या माणसाने वर्षानुवर्षे त्या परिसरात दहशत बसवली होती. अनेकदा आरोप होऊनही साक्षीदार फुटत आणि तो सुटत असे. एका वयोवृद्ध दुकानदारावर गोळी झाडल्याबद्दल तो अखेर दोषी ठरला, परंतु अपील प्रलंबित असल्याने जामिनावर मोकळा होता. १० जुलै १९८१ रोजी भर दिवसा, गावाच्या मुख्य रस्त्यावर, त्याच्या ट्रकमध्येच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. शेजारी त्याची पत्नी बसलेली होती. आसपास तीसहून अधिक माणसे होती. तिने एका इसमाचे नाव घेतले. बाकी कुणीही काही पाहिले नव्हते. स्थानिक आणि संघीय अशा दोन्ही चौकशांतून कुणावरही आरोप ठेवला गेला नाही.

या तीन मौनांत फरक कसा करायचा? पहिले सुचणारे उत्तर सत्तेचे आहे: दुर्बळाला वाचवणारे मौन न्याय्य, सबळाला वाचवणारे अन्याय्य. समनरपुरते हे उत्तर पुरेसे आहे. स्किडमोरमध्ये ते डळमळते. मॅकेलरॉय जिवंत असेतो सबळ होता, पण ट्रकमध्ये अडकलेला एकटा माणूस आणि भोवतीचा जमाव यांच्यात त्या क्षणी सबळ कोण होते? आणि त्यानंतर, एकटी बोलणारी त्याची पत्नी व गप्प राहणारे गाव यांच्यात? खरे म्हणजे मौन राखणारा त्या क्षणापुरता नेहमीच सबळ असतो, कारण सत्य त्याच्या मालकीचे झालेले असते. ग्लास्पेलच्या स्वयंपाकघरातही पक्षी खिशात गेल्याच्या क्षणी त्या दोघी तिन्ही पुरुषांहून सामर्थ्यवान आहेत, आणि तुरुंगातल्या मिनीहूनही. सत्ता ही व्यक्तीला कायमची चिकटलेली वस्तू नसल्यामुळे तिच्यावर आधारलेली कसोटी क्षणोक्षणी सरकत राहते.

दुसरे उत्तर न्यायसंस्थेच्या अपयशाचे आहे: जेथे कायद्याने दार बंद केले तेथे समाजाला मौनाचा आश्रय घ्यावा लागतो. स्किडमोरचे रहिवासी हेच म्हणतील आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु कायद्याचे दार आपल्यासाठी बंद आहे अशी तक्रार झुंडबळींचे समर्थकही करीत असत. तक्रार खरी की खोटी हे तपासायला मौनाबाहेरचा कुणीतरी लागतो आणि मौन नेमके त्यालाच बाहेर ठेवते. येथे या प्रश्नाची नस सापडते. मौनाचा मोठा दोष असा की ते स्वतःची छाननी अशक्य करते. चुकीचा निकाल वरच्या न्यायालयात रद्द होऊ शकतो, जसा १९०२ मध्ये आयोवात झाला. गावाच्या मौनावर अपील नाही.

तिसरे उत्तर किमतीचे आहे, आणि ते मला अधिक विचारणीय वाटते. समनरच्या न्यायालयात एमेटचे वयोवृद्ध नातलग मोझेस राइट साक्षीसाठी उभे राहिले आणि मुलाला घेऊन जाणाऱ्यांकडे भर न्यायालयात त्यांनी बोट दाखवले. त्या प्रदेशात कृष्णवर्णीयाने गौरवर्णीयाविरुद्ध अशी साक्ष देण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. खटल्यानंतर त्यांना मिसिसिपी सोडावे लागले. मुलाची आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला; जे झाले ते सर्वांनी पाहावे असे तिचे म्हणणे होते. या दोघांपाशी सत्तेचा लवलेश नव्हता आणि न्याय मिळण्याची आशाही फारशी नव्हती. तरी त्यांनी मौनाऐवजी साक्ष निवडली आणि तिची किंमत स्वतः मोजली. याच्याशेजारी समनरच्या जूरीचे मौन ठेवले तर त्याला काहीच किंमत पडलेली नाही. स्किडमोरच्या मौनाची किंमत बहुतांशी दुसऱ्या कुणी मोजली. मिसेस पीटर्सचे मौन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे: कायद्याशी विवाहबद्ध झालेली ती बाई कायम एका रहस्यासह त्याच घरात परत जाणार आहे.

५

या विवेचनाचा निष्कर्ष मौनाच्या सरसकट निषेधाकडे झुकत नाही. अशी न्यायालये होती, आहेत, की ज्यांच्यापुढे सत्य ठेवणे म्हणजे ते दुर्बळाविरुद्ध शस्त्र म्हणून सुपूर्त करणे होय. अशा जागी गप्प राहणारा माणूस क्षम्य असू शकतो, क्वचित वंदनीयही. परंतु क्षम्य आणि न्याय्य या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'अधिकार' हा शब्द सार्वत्रिकतेची मागणी करतो. मी जो अधिकार सांगतो तो समान परिस्थितीत दुसऱ्यालाही असतो, आणि परिस्थिती समान आहे की नाही हे ठरवण्याचे काम ज्याच्या त्याच्याकडे सोपवले की मिसेस हेलच्या शेजारच्या खुर्चीवर समनरचा जूरीसदस्य येऊन बसतो. म्हणून मौनाला अधिकार म्हणता येत नाही. फार तर ते कर्ज आहे: मृताचे, आरोपीचे आणि ज्या सार्वजनिक न्यायाला आपण वगळले त्याचे. कर्ज घेणे प्रसंगी अपरिहार्य असते. ते घेतलेच नाही असे म्हणणे अप्रामाणिक असते. मिसेस हेलची नैतिक थोरवी पक्षी लपवण्यात नाही. लपवण्यापूर्वी तिने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, यात ती आहे. समनरच्या जूरीत आणि 'अज्ञात व्यक्तींच्या' नोंदींत नेमके हेच आढळत नाही.

वाचकाची आणि समीक्षकाची स्थिती मात्र त्या दोघींहून सोपी आहे, आणि म्हणूनच अधिक जोखमीची. आपल्याला काहीही लपवावे लागत नाही, कुणाच्या घरी परत जायचे नसते, उपेक्षेचा पश्चात्तापही करायचा नसतो. स्त्रियांच्या कटात सामील झाल्याचा आनंद आपल्याला विनामूल्य मिळतो. कायद्याच्या व साहित्याच्या अभ्यासक्रमांत ही कथा सहानुभूतीचा वस्तुपाठ म्हणून शिकवली जाते. तेथे दोन प्रश्न तिच्यासोबत शिकवले जावेत. एक, ज्या मौनाचे आपण स्वागत करतो तेच मौन आपल्याला न आवडणाऱ्या माणसांनी राखले तर आपण काय म्हणू? आणि दोन, मार्गरेट हॉसॅकने 'मी केले नाही' असे म्हटले होते, त्याचे आपण काय करणार? तिच्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती कुणावर नाही. परंतु तिचे विधान ऐकल्याची नोंद करणे आणि प्रकरण जेथे उघडे राहिले तेथे ते उघडे ठेवणे, एवढे तरी तिच्या नावाने भरवलेल्या जूरीला करता आले पाहिजे. पहिल्या जूरीने तिचे म्हणणे ऐकून अमान्य केले. दुसऱ्या जूरीतील तिघांनी संशयाचा फायदा तिला दिला. तिसरी जूरी आपली आहे, आणि तिने अद्याप तिची साक्षच घेतलेली नाही.